बार्नीचा आवाज मधेच वेगळा का वाटतो? ‘द फ्लिंटस्टोन्स’मागचे नट

अश्मयुगात राहणाऱ्या फ्रेड फ्लिंटस्टोनच्या कुटुंबाची ‘द फ्लिंटस्टोन्स’ ही जुनी अमेरिकी कार्टून मालिका अलीकडे पहिल्या भागापासून क्रमाने पाहणाऱ्या एका प्रेक्षकाने मला विचारले आहे की, फ्रेडचा शेजारी बार्नी रबल सुरुवातीच्या भागांत एका आवाजात बोलतो, दुसऱ्या हंगामाच्या प्रारंभी भलत्याच आवाजात बोलतो आणि पुढे आपल्या ओळखीच्या तिसऱ्याच आवाजात स्थिरावतो. हा कानांचा भास आहे, की आवाज देणारी माणसे खरोखरच बदलली होती? त्याला जोडून दुसरा प्रश्न असा, की श्रेयनामावलीत चार-पाचच नावे दिसत असताना एवढी पात्रे बोलत कशी होती?

तो भास नाही. आवाज तीन आहेत, माणसे मात्र दोनच आहेत, आणि पहिला व तिसरा आवाज एकाच माणसाचा आहे. हे कसे घडले ते नीट कळायचे असेल, तर ही मालिका ध्वनिमुद्रित कशी होत असे तिथपासून सुरुवात करावी लागेल. मुंबईतील डबिंगच्या खोल्यांमध्ये आधी माईकपुढे उभे राहून आणि नंतर काचेच्या अलीकडे बसून मी तीस वर्षे काढली आहेत. त्यामुळे पुढे जे लिहितो आहे त्यातील काही भाग नोंदलेला इतिहास आहे आणि काही भाग या धंद्यात तयार झालेल्या कानाचे मत आहे. मत असेल तिथे तसे म्हणेन.

मालिका ३० सप्टेंबर १९६० रोजी एबीसी या वाहिनीवर सुरू झाली आणि १ एप्रिल १९६६ रोजी संपली. सहा हंगामांत तिचे १६६ भाग झाले. रात्रीच्या मुख्य वेळेत, म्हणजे मोठी माणसे दूरचित्रवाणीसमोर बसण्याच्या वेळेत, दाखवली गेलेली ती अमेरिकेतील पहिली कार्टून मालिका होती. ती निर्माण करणाऱ्या विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने त्याआधी १९४० पासून एमजीएम स्टुडिओसाठी टॉम आणि जेरीचे लघुपट केले होते. मला यात नेहमीच गंमत वाटत आली आहे, कारण तो उंदीर आणि ते मांजर जवळजवळ बोलतच नाहीत; तिथला सगळा विनोद हालचालींचा आहे. १९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभाग बंद केला आणि हे दोघे दूरचित्रवाणीकडे वळले. तिथे मिळणारा पैसा आणि वेळ इतका तोकडा होता, की प्रत्येक हालचाल पूर्णपणे रेखाटण्याची चैन परवडणारी नव्हती. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की पात्राचे धड स्थिर ठेवायचे आणि डोके, डोळे, ओठ एवढेच सेल्युलॉइडच्या वेगळ्या तावांवर काढून हलवायचे. फ्रेडच्या गळ्यातील निळा टाय आणि त्याची बायको विल्मा हिच्या गळ्यातील दगडी मण्यांची माळ केवळ विनोदासाठी नव्हती. डोके आणि धड यांच्यामधला सांधा त्यांच्याआड झाकला जात असे.

चित्र जिथे इतके काटकसरीचे असते, तिथे प्रसंग तोलून धरण्याचे काम आवाजावर येते. त्यातच संवाद आधी ध्वनिमुद्रित होत आणि चित्रे नंतर काढली जात. फितीवरचा संवाद ऐकणारा माणूस सेकंदाच्या चोवीस चौकटींपैकी कोणत्या चौकटीवर कोणते अक्षर पडते ते एका लांबलचक तक्त्यावर मांडून देई आणि चित्रकार त्या तक्त्यावरून ओठांचे ठरावीक आकार बसवत असे. आम्ही डबिंगवाले याच्या अगदी उलट दिशेने काम करतो. आमच्यापुढे चित्र आधीच तयार असते, तोंड कधी उघडते आणि कधी मिटते हे ठरून गेलेले असते, आणि हिंदी किंवा मराठी वाक्य त्या उघडझापीत बसवताना चांगला विराम कापावा लागतो, क्रियापद मागेपुढे करावे लागते, प्रसंगी एक ‘अरे’ किंवा ‘हं’ पदरचा घालावा लागतो. या नटांवर तसले कसलेच बंधन नव्हते. अ‍ॅलन रीड एखाद्या शब्दावर रेंगाळले, तर फ्रेडचे चित्रही त्या शब्दावर रेंगाळत असे. त्यांच्या कामातील जी मोकळीक आपल्याला ऐकू येते, तिचे अर्धे कारण या क्रमात आहे.

उरलेले अर्धे कारण रेडिओत आहे. मुख्य चार नट अमेरिकी रेडिओच्या भरभराटीच्या काळात घडलेले होते आणि मालिका सुरू झाली तेव्हा चौघेही चाळिशीत किंवा पन्नाशीत होते. फ्रेडचा आवाज देणारे अ‍ॅलन रीड (१९०७–१९७७) हे फ्रेड अ‍ॅलन यांच्या विनोदी कार्यक्रमात फॉल्स्टाफ ओपनशॉ नावाचा कवी रंगवत असत. विल्माचा आवाज देणाऱ्या जीन व्हँडर पाइल रेडिओवरील एका कौटुंबिक मालिकेत आईची भूमिका करत होत्या. बार्नीची बायको बेटी हिचा आवाज देणाऱ्या बी बेनाडरेट आणि बार्नीचा आवाज देणारे मेल ब्लँक (१९०८–१९८९) दोघेही विनोदी नट जॅक बेनी यांच्या रेडिओ कार्यक्रमात असत. त्या कार्यक्रमातील खटारा मोटार सुरू होतानाची खोकणारी, धापा टाकणारी घरघर ब्लँक तोंडाने काढत. या सगळ्यांना समोरच्या नटाच्या श्वासावर आपले वाक्य टाकण्याची सवय होती. संवादही ते एकत्र उभे राहूनच मुद्रित करत. आकाशवाणीवर ज्यांनी नभोनाट्य केले आहे, त्यांना एका माईकभोवती चौघांनी उभे राहणे, कागदाची सळसळ होऊ न देणे आणि दुसऱ्याचे वाक्य चालू असताना डोळ्यांनीच ‘आता मी’ असे सांगणे म्हणजे काय ते वेगळे समजावून सांगायला नको. आज प्रत्येक नटाला स्वतंत्र बोलावून, त्याच्या ओळी तेवढ्या उरकून घेतात. वेळ वाचतो, हे खरे. पण फ्रेड ओरडत असताना बार्नी मधेच जो हसतो, ते हसू अशा पद्धतीने मिळत नाही.

एक उदाहरण द्यायचे, तर फ्रेडच्या प्रसिद्ध आरोळीचे देता येईल. संहितेत आनंदाच्या जागी साधे ‘याहू’ लिहिलेले होते. रीड यांनी बार्बेरा यांना विचारले, की त्याऐवजी ‘याबा डाबा डू’ म्हणू का, आणि बार्बेरा यांनी होकार दिला. केसांना लावायच्या एका क्रीमच्या जाहिरातीतील ओळ रीड यांच्या आईच्या तोंडी असे, तिच्यावरून हे सुचले, असे ते सांगत. मला यात शब्दापेक्षा त्याचा आकार महत्त्वाचा वाटतो. ‘याहू’ दोन अक्षरांत संपते. ‘याबा डाबा’ या चार अक्षरांत जबडा चार वेळा उघडतो, श्वास साठत जातो आणि शेवटच्या ‘डू’वर तो सगळा मोकळा होतो. स्थूल शरीराचा, मोठ्या छातीचा माणूस खाणीतली पाळी संपल्यावर असाच ओरडेल. नटाने आपल्या पात्राचे शरीर ओळखून शब्द बदलून मागितला, असे मी याला म्हणेन.

आता बार्नी. मालिकेचा आराखडा ‘द हनीमूनर्स’ या लोकप्रिय विनोदी मालिकेवर बेतलेला होता, हे लपवण्याचा फारसा प्रयत्न कोणी केला नाही. तापट नवरा, त्याला पुरून उरणारी बायको, भोळा शेजारी आणि शेजाऱ्याची बायको, अशी ती चौकट. व्हँडर पाइल यांची सुरुवातीची विल्मा त्या मालिकेतील अ‍ॅलिसच्या, म्हणजे ऑड्री मेडोज यांच्या, अनुनासिक बोलण्याच्या बरीच जवळ आहे. बार्नीने त्याच मालिकेतील एड नॉर्टनसारखे, म्हणजे आर्ट कार्नी यांच्यासारखे, बोलावे अशी अपेक्षा असणे साहजिक होते; पण ब्लँक यांना दुसऱ्या नटाची नक्कल करण्यात रस नव्हता. म्हणून पहिल्या काही भागांतला बार्नी नाकातून, वरच्या पट्टीत बोलतो आणि फ्रेडपेक्षा वयाने लहान वाटतो. पुढे हळूहळू तो आवाज खाली उतरत गेला, जाड झाला आणि त्यात ते घशातल्या घशात होणारे खुदुखुदु हसू आले. माझ्या मते हा बदल ठरवून केलेला कमी आणि रीड यांच्याशेजारी उभे राहिल्यामुळे झालेला जास्त असावा. रीड यांचा आवाज खरखरीत आणि दणकट. त्याच्यापुढे नाकातला बारीक आवाज किरकिऱ्या वाटतो, तर मऊ आणि जाड आवाज समजूतदार वाटतो. जोडीचे काम करताना प्रत्येक नट शेजाऱ्याच्या आवाजात मोकळी राहिलेली जागा शोधत असतो.

हा आवाज घडत असतानाच अपघात झाला. २४ जानेवारी १९६१ च्या रात्री लॉस एंजेलिसमधील सनसेट बुलेव्हार्डवर, ‘डेड मॅन्स कर्व्ह’ या नावाने कुप्रसिद्ध असलेल्या वळणावर, ब्लँक यांच्या गाडीची समोरून येणाऱ्या गाडीशी टक्कर झाली. कवटीला आणि दोन्ही पायांना जबर मार बसला आणि ते बेशुद्धावस्थेत गेले. सुमारे दोन आठवडे हाक मारूनही प्रतिसाद मिळेना, तेव्हा एका मेंदूतज्ज्ञाने त्यांना त्यांच्या नावाऐवजी बग्ज बनीच्या, म्हणजे ब्लँक ज्याचा आवाज देत त्या कार्टून सशाच्या, नावाने हाक मारून विचारले, की आज कसे आहात. आणि ब्लँक यांनी बग्ज बनीच्या आवाजात उत्तर दिले. ही हकिगत इतकी गोड आहे की ऐकणाऱ्याला ती रचलेली वाटावी, पण ती स्वतः ब्लँक आणि त्यांच्या कुटुंबीयांनी वारंवार सांगितलेली आहे.

मालिकेला मात्र थांबून चालणार नव्हते. ध्वनिमुद्रण प्रक्षेपणाच्या कितीतरी महिने आधी होत असल्यामुळे, जानेवारीत झालेल्या अपघाताचा परिणाम प्रेक्षकांच्या कानांवर पडला तो १९६१ च्या सप्टेंबरमध्ये दुसरा हंगाम सुरू झाल्यावर. प्रश्नकर्त्याला दुसऱ्या हंगामाच्या प्रारंभी जो ‘भलताच’ आवाज ऐकू आला, तो हाच. तो डॉज बटलर यांचा आहे आणि निदान पाच भागांत त्यांनी बार्नी केला आहे. योगी बेअर हे अस्वल आणि हकलबेरी हाउंड हा कुत्रा या कार्टून पात्रांचे आवाज त्यांचेच. शिवाय बार्नी त्यांना परका नव्हता. मालिका विकण्यासाठी ‘द फ्लॅगस्टोन्स’ या नावाने जो जेमतेम दीड मिनिटाचा नमुना तयार केला होता, त्यात फ्रेड आणि बार्नी असे दोन्ही आवाज बटलर यांनीच दिले होते.

बटलर यांचे ते भाग मी लक्षपूर्वक ऐकले आहेत. त्यांचा बार्नी वाईट नाही. पट्टी जवळपास जुळते आणि शब्दांचा हेलही जुळतो. तरी कान अडखळतो. वाक्य संपताना त्यांचा आवाज थोडा वर उचलला जातो आणि तिथे योगी अस्वल डोकावून जाते. आमच्या धंद्यात नव्या माणसाला आयत्या वेळी दुसऱ्याच्या जागी उभे करण्याचा प्रसंग वारंवार येतो आणि तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, की बोलण्याची नक्कल एका दुपारात जमते, हसण्याची जमत नाही. शब्दांना संहितेचा आधार असतो. हसणे म्हणजे त्या माणसाचा श्वास, आणि तो कुठून सुटतो, किती तुकड्यांत सुटतो हे ज्याचे त्याचे असते. त्या पाच भागांत बार्नी हसतो तिथे थांबून ऐकावे, माणूस बदललेला लगेच कळतो.

मार्च महिन्यात ब्लँक घरी आले, पण सर्वांगाला प्लास्टर घातलेले होते आणि उठून बसणे शक्य नव्हते. तेव्हा ध्वनिमुद्रणच त्यांच्या घरी नेण्यात आले. पलंगावर माईक टांगला, इतर नट आणि यंत्रसामग्री त्यांच्याभोवती जमली आणि पाठीवर पडल्यापडल्या त्यांनी बार्नीचे संवाद म्हटले. हे वाचताना कौतुक वाटते, पण त्यातली तांत्रिक अडचण सहसा कोणी सांगत नाही. विनोदी आवाज पोटातून काढावा लागतो. उभा असलेला नट वाक्याआधी बरगड्या फुगवतो, हात हलवतो, गुडघ्यांत किंचित वाकतो. प्लास्टरमध्ये जखडलेल्या माणसाला यातले काहीच करता येत नाही आणि उताणे पडल्यावर जीभ मागे सरकून घसा बसल्यासारखा होतो. आता गंमत पाहा: बार्नीचा नंतरचा आवाज नेमका घशात, खाली, फारसा जोर न लावता काढलेला आहे. पलंगावरून नाकातला चढा आवाज सतत काढणे अवघड गेले असते आणि हा खालचा आवाज त्या मानाने सोपा गेला असेल. या अपघातानेच तो आवाज घडवला, असे मात्र मी म्हणणार नाही, कारण आवाज खाली उतरणे आधीच सुरू झाले होते. पण परतून आलेला बार्नी त्याच खालच्या जागी पक्का बसला, हे ऐकणाऱ्याला पडताळून पाहता येईल.

याच मालिकेत दुसरीही एक अदलाबदल झाली आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. बी बेनाडरेट यांना १९६३ मध्ये ‘पेटिकोट जंक्शन’ या मालिकेत मुख्य भूमिका मिळाली. दोन्ही कामे एकत्र जमेनाशी झाल्यावर पाचव्या हंगामापासून बेटीचा आवाज गेरी जॉन्सन यांनी दिला. बेटीचे हसूही खास आहे, ओठ मिटून केलेले, आणि जॉन्सन यांनी ते बऱ्यापैकी उचलले. बेटीला लांब संवाद कमी असत, त्यामुळे फरक झाकला गेला. फ्रेडचा आवाज मूळ मालिकेत कधीच बदलला नाही. १९७७ मध्ये रीड गेल्यानंतर हेन्री कॉर्डन यांनी तो सांभाळला आणि पुढे कित्येक वर्षे सांभाळला. त्यांचीही ओळख जुनी होती. १९६६ च्या फ्लिंटस्टोन्स चित्रपटात फ्रेड गातो तो आवाज कॉर्डन यांचाच आहे.

थोड्या माणसांनी एवढी पात्रे कशी केली, या प्रश्नाचे उत्तर वरच्या मजकुरात अर्धे येऊन गेले आहे, कारण रेडिओच्या नटाला एका तासात तीन माणसे होण्याची सवयच असे. ब्लँक यांच्याकडे बार्नीबरोबर डायनो हा पाळीव डायनोसोर होता. फ्रेडचे साहेब मिस्टर स्लेट जॉन स्टीफन्सन यांच्याकडे, तर रबल दांपत्याचा दांडगा मुलगा बॅम-बॅम डॉन मेसिक यांच्याकडे. वाटेत भेटणारे पोलीस, दुकानदार, तक्रार करणारे पक्षी आणि भांडी घासणारे हत्ती हे सगळे हीच आणि नेहमीची आणखी काही मंडळी वाटून घेत. प्रसंग लिहितानाच एका नटाची दोन पात्रे समोरासमोर फार वेळ बोलणार नाहीत, अशी काळजी घेतली की काम सोपे होते.

यात मला सर्वांत अवघड वाटते ते व्हँडर पाइल यांचे काम. २२ फेब्रुवारी १९६३ च्या भागात फ्रेड आणि विल्मा यांना पेबल्स ही मुलगी झाली आणि तिचाही आवाज व्हँडर पाइल यांच्याकडेच आला. म्हणजे पाळण्यावर वाकलेली आई आणि पाळण्यातली मुलगी या दोघीही त्याच. मोठ्या बाईने तान्ह्या बाळाचा आवाज काढायचा, तर नवखी नटी पट्टी चढवते आणि तिथेच फसते, कारण नुसता बारीक केलेला आवाज बाहुलीचा वाटतो. बाळाच्या आवाजात लाळ असते, श्वास अधूनमधून चुकतो, हुंकार सुरू एका स्वरात होतो आणि संपतो भलत्याच. व्हँडर पाइल यांची पेबल्स ऐकताना जीभ टाळूला चिकटून सुटल्याचा ओलसर आवाज येतो. पुढच्याच क्षणी विल्मा कोरड्या, किंचित नाकातल्या, खर्चाचा हिशेब विचारणाऱ्या सुरात नवऱ्याशी बोलू लागते. याच बाईंनी ‘द जेटसन्स’ या मालिकेत रोझी या घरकाम करणाऱ्या यंत्रमानवाचा आवाज दिला होता, हे सांगितल्यावर माझे विद्यार्थी आधी विश्वासच ठेवत नाहीत.

मूळ प्रश्नात पैशाचा उल्लेख नव्हता, पण आवाजाच्या कामाविषयी लिहिताना तो टाळला तर उत्तर अपुरे राहील. व्हँडर पाइल यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे त्यांना एका भागाचे २५० डॉलर मिळत. १९६६ मध्ये मालिका संपली तेव्हा पुनःप्रक्षेपणाच्या मानधनातील वाट्याऐवजी एकरकमी १५,००० डॉलर घेण्याचा पर्याय त्यांच्यापुढे होता आणि त्यांनी तो आनंदाने स्वीकारला. मालिका मग जगभर दशकानुदशके दाखवली गेली. पुढे त्या कॅलिफोर्नियातील सॅन क्लेमेंटे या समुद्रकाठच्या गावात राहत असत आणि तो वाटा मिळाला असता तर मी सॅन क्लेमेंटेत राहिले नसते, अख्खे सॅन क्लेमेंटे माझ्या मालकीचे असते, असे म्हणून त्या हसत. १९९९ मध्ये त्या वारल्या, तोपर्यंत मूळ चौघांपैकी त्या एकट्याच उरल्या होत्या. त्यांचा निर्णय मूर्खपणाचा होता, असे मला वाटत नाही. कार्टून मालिका संपली की विसरली जाते, हाच त्या दिवसांचा अनुभव होता. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका निर्मात्याच्या व्हाउचरवर ‘सर्व हक्क कायमस्वरूपी’ या छापील ओळीखाली न वाचता सही केली होती आणि त्या दिवशी मिळालेल्या रोख पैशांत मला आनंदच वाटला होता. तो आवाज अजून कुठेतरी वाजत असतो; माझा भाचा मला मधूनमधून कळवतो.

प्रश्नकर्त्याला स्वतःच्या कानाने खात्री करून घ्यायची असेल, तर एक करावे. पहिल्या हंगामाच्या सुरुवातीचा एक भाग, दुसऱ्या हंगामाच्या प्रारंभीचा एक आणि चौथ्या हंगामातील कोणताही एक, असे तीन भाग निवडावेत आणि पडद्याकडे पाठ करून ऐकावेत. चित्र समोर असले की डोळा कानाला समजावत राहतो, की हा तोच बुटका, पिवळ्या केसांचा माणूस आहे. मागे भरलेला प्रेक्षकांचा हशा कानाआड करावा, तो नंतर चिकटवलेला आहे. फ्रेड रागावण्याची वाट पाहावी. तो रागावला, की बार्नी बहुधा हसतोच. पहिल्या भागात ते हसू नाकात असेल, दुसऱ्या भागात दातांजवळ, आणि तिसऱ्यात हनुवटीच्या खाली कुठेतरी.